30 एप्रिल, चार ते पाच

नववी ‘ब’चं एकत्रित निकालपत्रक टेबलावर पसरलेलं असतं. दोन टेबलं जोडली तरी त्याचं एक टोक खाली लोंबतंच. भूगोलाच्या बाई गुण वाचतात, वर्गशिक्षक लिहितात आणि मी उभा ताळा बघते. आडव्या बेरजा आणि उभ्या बेरजा शेवटच्या कोपऱ्यातल्या एकाच चौकटीत येऊन भेटायला हव्यात. त्या भेटत नाहीत. तीनाचा फरक येतो. मग पुन्हा पहिल्यापासून. तासाभरानं चोर सापडतो: हजेरी क्रमांक 37, हिंदीचे 55. आडवी बेरीज करताना कुणीतरी ते 58 वाचलेत. “अहो सर, तुमचा पाच आठासारखाच दिसतो!” बाई म्हणतात, सगळे हसतात आणि शिपाई मामा न सांगता चहा आणून ठेवतात.

मला विचाराल तर माध्यमिक शाळेतलं वर्ष संपतं ते या चहाला. दुसऱ्या दिवशी 1 मे. महाराष्ट्र राज्याचा वाढदिवस आणि पोरांचा निकाल एकाच सकाळी. झेंडावंदन, पालक, पेढे, रडारड. तो दिवस गावाचा. पण 30 एप्रिलची ती संध्याकाळ आमची असते. एवढं साधं कळायला मला नोकरीची अठरा वर्षं लागली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत निम्मा काळ मी ‘कार्यक्रम प्रमुख’ होते. आधी शिक्षिका, मग पर्यवेक्षिका, आता मुख्याध्यापिका. पद बदललं तरी शाळेत समारंभ निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मलाही ते आवडायचं. हार किती, नारळ किती, प्रास्ताविक कोण आणि आभार कोण, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

बाहेरच्यांना वाटतं, शाळेचं वर्ष एकदाच संपतं. आमचं ते हप्त्याहप्त्यानं संपतं. डिसेंबरात स्नेहसंमेलन: महिनाभर दुपारनंतरचे तास बुडवून नाच बसवायचे आणि बुडालेले तास जानेवारीत सकाळी लवकर येऊन भरून काढायचे. फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ. नववीची पोरं फळ्यावर रंगीत खडूनं ‘शुभेच्छा’ लिहितात, दहावीची पोरं शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट देतात. आमच्या कार्यालयात अशी चार घड्याळं आहेत आणि चारांत चार वेळा. वर्षभर ज्यानं छळलं तोच पोरगा माइकसमोर उभा राहून “बाई, चुकलं असेल तर...” म्हणतो आणि पुढे त्याला बोलता येत नाही. त्याच हातानं त्याला बोर्डाचं प्रवेशपत्र द्यायचं आणि केंद्रावर अर्धा तास आधी पोच म्हणून दटावायचं. मार्चमध्ये बोर्डाचं पर्यवेक्षण, पाठोपाठ बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. ते तपासून नियामकांकडे पोचते करेतो आपल्या शाळेची वार्षिक परीक्षा दारात. मग निकालपत्रक, प्रगतिपुस्तकं, ऑनलाइन माहिती भरणं. यातला प्रत्येक समारंभ कुणाचा तरी सण असतो आणि शिक्षकाचं काम असतं. सणाच्या दिवशी घरातली बाई जशी सगळ्यात जास्त दमते, तसं हे.

म्हणून 2013 साली मी ठरवलं, आपल्या माणसांचाही एक सण करायचा. 30 एप्रिलला संध्याकाळी स्टाफचं स्नेहभोजन. सगळ्यांकडून पाचशे रुपये वर्गणी. पुरणपोळी आणि कटाची आमटी शाळेतच करायची, म्हणजे आपलेपणा राहतो. संगीत खुर्ची, गुणवंत शिक्षकांना शाल-श्रीफळ आणि शेवटी फिशपाँड. कार्यक्रमपत्रिका मी सुवाच्य अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावली आणि खाली लिहिलं: ‘उपस्थिती अनिवार्य’.

समारंभ झाला. सगळे आले, सगळे हसले, जाताना प्रत्येकजण म्हणाला, “छान झालं हो, बाई.” मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल वाटताना आठवीच्या वर्गावर गडबड झाली. सारख्या आडनावाच्या दोन मुलींची प्रगतिपुस्तकं अदलाबदल होऊन भरली गेली होती. एकीचे वडील तावातावानं आले. वर्गशिक्षिका, आमच्या विज्ञानाच्या बाई, मान खाली घालून ऐकून घेत होत्या. पालक गेल्यावर मी जरा चढ्या आवाजात विचारलं, “बाई, भरताना बघायचं तरी!” त्या म्हणाल्या, “रात्री दोनपर्यंत भरत होते, मॅडम. काल संध्याकाळी भरायची होती.”

काल संध्याकाळी त्या पुरण वाटत होत्या. त्यानंतर त्यांना ‘उशिरा येणाऱ्या एक्स्प्रेस’वरचा फिशपाँडही मिळाला होता. अख्ख्या सभागृहाबरोबर त्याही हसल्या होत्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या आणि सकाळी त्यांचं सगळं आवरूनच बाईंना निघता यायचं. हे मला माहीत होतं, फिशपाँडच्या चिठ्ठ्या निवडताना आठवलं नाही इतकंच.

उरलेलं जूनमध्ये कळलं. शाळा उघडली त्या दिवशी शिपाई मामा म्हणाले, “बाई, एक सांगू का? त्या नव्या सरांनी पाचशे परत केले. घेताना मलाच कसंनुसं झालं.” नवे सर शिक्षणसेवक होते. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला तेव्हा महिन्याला 8,000 रुपये मानधन होतं, आणि एप्रिलअखेर त्यातलं हाती काय उरणार? माझ्या स्नेहभोजनाची वर्गणी त्यांनी मामांकडून उसनी घेतली होती. आणि मामा? त्या रात्री सगळी पातेली घासून झाल्यावर साडेदहाला ते जेवायला बसले होते. पोळ्या संपल्या होत्या. त्यांनी आमटी-भात खाल्ला.

कुणीही तक्रार केली नव्हती, हे मला अजूनही टोचतं. शिक्षक वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवतो आणि मुख्याध्यापकांसमोर “छान झालं” म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही. गोपनीय अहवाल कोण लिहितं, हे त्याला माहीत असतं. त्यामुळे स्टाफ सुखात आहे की नाही हे स्टाफला विचारून कळत नाही. ते मस्टरवर दिसतं, तासांच्या पर्यायी व्यवस्थेच्या वहीत दिसतं, कुणाचा डबा न उघडता परत जातो त्यावरून कळतं. ही वाचनाची कला मी उशिरा शिकले.

त्यानंतर मी कार्यक्रमपत्रिका लिहिणं कमी केलं आणि वेळापत्रक बघायला लागले. बोर्डाचे गठ्ठे शाळेत असताना एकही समारंभ ठेवायचा नाही. ज्याच्याकडे गठ्ठे, त्याला त्या दिवसांत पर्यायी तास नाही. रात्री आठनंतर ग्रुपवर सूचना टाकायची नाही, आणि यात सगळ्यात मोठी गुन्हेगार मीच होते. वर्गणीचा आकडा बंद. कपाटावर एक डबा ठेवला आहे, ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं टाकावं. कुणी किती टाकले हे कुणी बघत नाही. शिक्षकांवर फिशपाँड नाहीत. आणि 30 एप्रिलला चार ते पाच या वेळेत शाळेत काहीही ठेवायचं नाही. सभा नाही, भाषण नाही, ‘अनिवार्य’ तर नाहीच. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून वडापाव येतात, ते मी वाढते. मामा पहिल्या पंगतीत.

पहिल्या वर्षी सगळे अवघडून बसले. मोकळा तास हातात आल्यावर काय करायचं, हे पोरांना कळतं, आम्हाला कळेना. दुसऱ्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी पेटी काढली. विज्ञानाच्या बाई एका वर्षी खुर्चीत चक्क झोपल्या. कुणी उठवलं नाही. 2024 साली लोकसभेचं मतदान राज्यात 19 एप्रिल ते 20 मे असं पाच टप्प्यांत होतं, तेव्हा निम्मा स्टाफ निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेला होता. निवडणूक आणि जनगणना या कामांतून शिक्षकाला शिक्षण हक्क कायदाही सोडवत नाही. उरलेल्यांनी गेलेल्यांची प्रगतिपुस्तकं भरून ठेवली. मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, तो तास मुरला.

आता एका तारखेविषयी सांगायला हवं. आमच्या पिढीत गावोगाव असंख्य लोकांची जन्मतारीख 1 जून आहे. मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी तारीख विचारायचे. आई म्हणायची, “पंचमीच्या आसपासचा आहे, त्या साली विहिरीला पाणी लागलं बघा.” गुरुजी वय बसेल असं साल धरून रजिस्टरवर 1 जून टाकायचे. शिक्षकांचं निवृत्तीचं वय 58. त्यामुळे ती माणसं 31 मे रोजी निवृत्त होतात, ऐन सुट्टीत, कुलूप लावलेल्या शाळेत. म्हणून त्यांचा निरोप महिनाभर आधी उरकला जातो. आमच्या गणिताच्या सरांना असाच अकरा भाषणांचा निरोप दिला. हार घालून ते दोन तास बसले. शेवटी मनोगतात म्हणाले, “मला एक तास घ्यायचा होता. पण पोरं आता सुट्टीवर गेली.”

त्यापुढे आम्ही निवृत्त होणाऱ्या माणसाचा शेवटचा तास परीक्षेआधी वेळापत्रकातच लावतो. त्या वेळी ज्यांना तास नसतो ते सगळे मागच्या बाकांवर जाऊन बसतात. इतिहासाच्या बाईंनी त्या तासाला चक्क गृहपाठ दिला होता. आणि आम्ही तो केलाही.

माझी जन्मतारीखही 1 जूनच आहे. आई सांगायची, मी दिवाळीतली. येत्या 31 मे रोजी मी निवृत्त होते आहे. स्टाफला सांगून ठेवलं आहे: शाल नको, घड्याळ तर मुळीच नको. यंदा नववी ‘ब’चा ताळा मात्र मला करू द्या. आणि माझ्यानंतर या खुर्चीवर जे कोणी येईल त्यांनी हवे तितके समारंभ करावेत. फक्त 30 एप्रिलचे चार ते पाच रिकामे ठेवावेत.