मेरिडनभोवतीच्या वाटा

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस मी मुलीकडे इंग्लंडला गेलो. तिचे गाव मेरिडन. कॉव्हेंट्री आणि बर्मिंगहॅम या दोन उद्योगनगरांच्या मधल्या पट्ट्यात ते वसले आहे. दोन्हीकडून शहरे सरकत येत असली तरी हा पट्टा अजून शेतांचा, कुरणांचा आणि झुडपांच्या कुंपणांचा राहिला आहे. गावाच्या हिरवळीवर वालुकाश्माचा एक झिजलेला क्रूसस्तंभ आहे. इंग्लंडचा मध्यबिंदू हाच, अशी इथली परंपरागत समजूत. 2002 साली ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशे तयार करणाऱ्या संस्थेने गणित मांडून तो मान लेस्टरशर परगण्यातील एका शेताला दिला. पण गावाने आपला दावा सोडलेला नाही. आपल्याकडे पाहुण्याला आधी ग्रामदैवताच्या दर्शनाला नेतात, तशी मुलगी मला पहिल्याच दिवशी त्या दगडापाशी घेऊन गेली.

जावईबापूंची सायकल गॅरेजमध्ये उभी होती. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल, मागे भक्कम कॅरिअर, त्याच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या आणि चढासाठी अगदी हलका गिअर, अशी ती लांबच्या भटकंतीची सायकल. मी तीस वर्षांत सायकलीवर बसलो नव्हतो. "बाबा, आधी नकाशा वाचायला शिका," असे म्हणून मुलीने गुलाबी वेष्टनाचा नकाशा माझ्यापुढे पसरला. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तांबूस समोच्च रेषा दहा-दहा मीटरांनी चढत जातात. त्या जिथे एकमेकींना खेटतात, तिथे छातीवर येणारा चढ समजावा. रस्त्यावर बाणाचे एक टोक काढलेले असेल तर चढ कठीण, दोन असतील तर अतिकठीण. संध्याकाळी नकाशावर बोट फिरवायचे आणि सकाळी त्याच वाटेने सायकल काढायची, असा माझा क्रम ठरला.

पहिली वाट दक्षिणेची. मेरिडनहून बर्क्सवेल, तिथून टेंपल बाल्सल, बार्स्टन, हॅम्प्टन-इन-आर्डेन आणि परत मेरिडन, असा सुमारे 25 किलोमीटरांचा फेरा. 'आर्डेन' हे या भागातील प्राचीन अरण्याचे नाव. ते अरण्य आता उरलेले नाही. गावांच्या नावांत मात्र टिकून आहे. बर्क्सवेलला बाराव्या शतकातील चर्च आहे. त्याच्या जवळच सोळा फूट चौरस असा दगडी बांधणीचा पाण्याचा हौद आहे. हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवण्याची जुनी लाकडी बेडी आहे आणि तिला भोके पाच! दोघे धडधाकट आणि एक एका पायाचा, असे तीन सोबती नेहमी एकत्र शिक्षा भोगत, म्हणून पाच, असे गावकरी सांगतात. हॅम्प्टनजवळ ब्लाइद नदीवर मध्ययुगीन पूल आहे. ओझे लादलेले एक घोडे जाईल, एवढीच त्याची रुंदी. अशा पुलांचे कठडे मुळात बुटके ठेवत. घोड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी ओझी त्यांना घासू नयेत म्हणून.

या गावांपेक्षाही मनात राहिल्या त्या त्यांना जोडणाऱ्या वाटा. एक मोटार जेमतेम जाईल एवढ्या त्या अरुंद. दोन्ही बाजूंना हॉथॉर्नची दाट कुंपणे. मे महिन्यात ती पांढऱ्या फुलांनी लगडतात. वाट मध्येच काटकोनात वळते आणि वळण्याचे कारण दिसत नाही. कारण एवढेच, की कधीकाळी तिथे कुणाच्या तरी शेताची हद्द होती. मोटारीतून जाणाऱ्याला ही कुंपणे म्हणजे हिरवी भिंत. सायकलस्वाराला मात्र त्यातले घरटे दिसते, फाटकाच्या फटीतून चरणारी मेंढरे दिसतात, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हे कुणी सांगावे लागत नाही.

तो 25 किलोमीटरांचा फेरा पुरा करायला मला तीन तास लागले. उतरलो तेव्हा गुडघे थरथरत होते. मुलीने कौतुक केले, पाय शेकायला गरम पाणी दिले. रात्री मात्र झोप येईना. डोक्यात एक हिशेब सुरू झाला होता: 25 किलोमीटरांना हे पाय असे झाले, तर 60 किलोमीटरांना कसे होत असतील?

माझे वडील, आबा, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात पोस्टमन होते. त्यांची सायकल हर्क्युलिस होती, तिसऱ्या हाताची. आमच्या घरी सायकल ही हौसेची वस्तू नव्हती. ती आबांच्या नोकरीचा भाग होती, खाकी गणवेशासारखी. मी साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकत होतो. एकदा परीक्षा शुल्काची मुदत संपत आली. गावोगाव मनीऑर्डरी वाटणाऱ्या आबांना ठाऊक होते, की मनीऑर्डर वेळेवर पोहोचणार नाही. पहाटेची एस.टी. हुकली, तेव्हा त्यांनी सायकल काढली. पुसेगाव, वर्धनगडचा घाट, कोरेगाव, सातारा. साठ किलोमीटर. दुपारी ते दारात उभे राहिले तेव्हा अंगावर तोच गणवेश होता आणि चेहऱ्यावर धुळीचा थर. माझ्या खोलीतल्या मित्राने विचारले, "कोण रे हे?" मी म्हणालो, "आमच्या गावचे पोस्टमन."

वाक्य खोटे नव्हते. आबांनी ते ऐकले. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "मिळालं म्हणून घरी कळवा." आयुष्यात त्यांनी मला अहोजाहो केले ते तेवढ्या एका वाक्यापुरते. मग माठातले पाणी पिऊन ते परत निघाले. त्या दिवसाविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत, मीही बोललो नाही. साठ किलोमीटर हा आकडा मला माहीत होता. तो माझ्या पायांना समजला, तो मेरिडनला.

त्यानंतर वाटा बदलल्या, तरी सोबत तीच राहिली. उत्तरेला मॅक्स्टोक आहे. तिथे खंदकाने वेढलेला चौदाव्या शतकातील किल्ला आणि जवळच एका मठाच्या पडक्या भिंती आहेत. तिथून फिलाँग्लीकडे चढउतार सुरू होतात. त्या चढांवर धापा टाकताना मी काही गोष्टी नव्याने शिकत होतो. आजच्या सायकलीचा मूळ नमुना मानली जाणारी रोव्हर सायकल जॉन केम्प स्टार्ले यांनी 1885 साली कॉव्हेंट्रीत बनवली. हर्क्युलिस कंपनीची सुरुवात 1910 साली बर्मिंगहॅमची. म्हणजे आबांच्या सायकलीचे गोत्र मुलीच्या गावाच्या दोन अंगांना पसरलेले होते. इंग्लंडमधील सायकल-प्रवाशांची संस्था 1878 साली स्थापन झाली. रस्त्यांवर मोटारी येण्याआधीच तिने अवघड उतारांवर धोक्याच्या पाट्या लावल्या आणि चांगल्या रस्त्यांसाठी आग्रह धरला. आबांच्या वाटेवर अशी पाटी कुणी लावली होती का, हे मला आठवेना.

मेरिडनच्या हिरवळीवर आणखी एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सायकलस्वारांसाठी उभारलेला हा ग्रॅनाइटचा उंच स्तंभ. देशाच्या मध्यावर म्हणून हे गाव निवडले गेले आणि मे 1921 मध्ये स्तंभाचे अनावरण झाले. दरवर्षी मे महिन्यातील एका रविवारी दूरदूरचे सायकलस्वार इथे जमतात आणि प्रार्थना होते. मीही त्या गर्दीत उभा होतो. कुणी भारी सायकली आणल्या होत्या, कुणी आजोबांच्या काळातल्या. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. त्यांनी विचारले, "सायकल कुणाकडून शिकलात?"

"वडिलांकडून," मी म्हणालो. "ते पोस्टमन होते. माझ्या फीचे पैसे पोहोचवायला एकदा साठ किलोमीटर सायकल चालवत आले होते. त्याच दिवशी परतही गेले."

ते वाक्य उच्चारायला मला चार दशके लागली होती. गृहस्थ हळहळले नाहीत, की त्यांनी माझे सांत्वन केले नाही. सायकलस्वार दुसऱ्या सायकलस्वाराला जे विचारतो, तेच त्यांनी विचारले. "रस्त्याला चढ किती होता?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो होतो, पण नेहमी एस.टी.च्या खिडकीशी बसून, बहुधा पेंगत. बर्क्सवेलच्या बेडीची भोके मला पाठ होती, फिलाँग्लीच्या वाटेवरची वळणे ठाऊक होती. आबांच्या वाटेचा चढ तेवढा माहीत नव्हता.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी एक जुनी सायकल दुरुस्त करून घेतली आणि गावाहून साताऱ्याला निघालो. मला दोन दिवस लागले. मध्ये पुसेगावला मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी वर्धनगडाच्या घाटात खाली उतरून सायकल हाताने ढकलत नेली. लहानपणी आबा चढावर असे उतरले की मला ओशाळल्यासारखे व्हायचे. वाटेत एका टपरीवाल्याने कुठून आलात म्हणून विचारले. मी गावाचे नाव सांगितले, आणि न विचारताच वडिलांचेही. रस्त्याला चढ किती, हे आता मला सांगता येईल.