लाभांशाचा लखोटा

मी शाळेत होतो तेव्हापासून आमच्या वसईच्या घरी वर्षातून एकदा, पावसाळा सरत आला की, पोस्टमन एक लांबट लखोटा आणून देत असे. आई तो उघडत नसे. बाबा संध्याकाळच्या लोकलने परत येईपर्यंत तो आल्तारावर, पवित्र मातेच्या तसबिरीपाशी ठेवलेला असे. रोझरी झाली की बाबा तो फोडत, आतला लाभांशाचा धनादेश दिव्याजवळ धरून रक्कम मोठ्याने वाचत आणि आई ती एका वहीत टिपून ठेवी. पहिल्या वर्षीची नोंद १०० रुपयांची आहे.

त्या लखोट्याची कथा १९७८ सालची. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्यामुळे अनेक विदेशी कंपन्यांना आपली मालकी ४० टक्क्यांवर आणावी लागली आणि त्यांनी आपले भाग भारतीयांना विकावयास काढले. भागांची किंमतही त्या काळी सरकारचे नियंत्रक ठरवीत, त्यामुळे ती माफक असे. बाबा मुंबईत एका कचेरीत कारकून होते. साहेबांचा अर्ज भरता भरता त्यांनी स्वतःचाही एक भरला आणि घरोघरी लागणाऱ्या वस्तू बनविणाऱ्या एका कंपनीचे ५० भाग त्यांच्या नावे आले.

बातमी धर्मग्रामात पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे एक काका रविवारच्या मिस्सानंतर बाबांना म्हणाले, "क्रुसाखाली सैनिकांनी प्रभूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तसलाच हा प्रकार. वाडी सोडून जुगार कशाला खेळतोस?" बाबा शांतपणे उत्तरले, "मी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, भागीदारी घेतली आहे. माडाचा भाव मी रोज विचारत नाही, नारळ मोजतो." काकांचे समाधान झाले नाही. माझेही झाले नव्हते. परंतु ते वाक्य माझ्या लक्षात राहिले.

ते समजण्यापूर्वी मी एकदा चांगलाच पोळलो. १९९२ चा रोखे घोटाळा होऊन तीन वर्षे उलटली होती. मी नुकताच शिक्षक झालो होतो. एका कंपनीने ४० टक्के लाभांश जाहीर केल्याचे वाचून मी हरखलो. वास्तविक हे टक्के भागाच्या दर्शनी किमतीवर असतात. म्हणजे १० रुपयांच्या भागावर हाती येणार ४ रुपये. बाजारात तो भाग ४० रुपयांना मिळत होता. तरीही गुंतवणुकीवर १० टक्के सुटत होते, आणि बाबांच्या कंपनीचा लाभांश त्या वेळच्या बाजारभावाने जेमतेम २ टक्के पडत होता. बाबा किती भोळे, असे मला वाटले. मी २० हजार रुपये गुंतविले.

दुसऱ्या वर्षी लाभांश निम्म्यावर आला, तिसऱ्या वर्षी थांबला. भागाची किंमतही रद्दीच्या मोलाची झाली. तेव्हा मी प्रथमच वार्षिक अहवाल उघडून ताळेबंद वाचला. कंपनीचा नफा केव्हाच आटला होता आणि कर्ज वाढत चालले होते. आदल्या वर्षीच त्या भागाचा भाव ९० रुपयांवरून ४० वर घसरला होता, म्हणून तर लाभांशाचा दर इतका मोठा दिसत होता. बाजाराने धोका ओळखला होता. मी मात्र त्यालाच संधी समजलो. बाबा रागावले नाहीत. "बावखल आटले की नाही ते न पाहता तू रहाटाची गती पाहिलीस," इतकेच म्हणाले.

त्यानंतर मी लाभांशाचा आकडा सर्वांत शेवटी पाहू लागलो. नफा दहा वर्षांत वाढला आहे काय, त्यातील किती वाटला जातो आणि किती राखीव निधीत जातो, कर्ज किती आहे, मंदीच्या वर्षी कंपनीने काय केले, हे आधी पाहायचे. बाबांच्या कंपनीने दर दहा रुपये नफ्यातून काही वाटले आणि काही धंद्यात घातले. मधूनमधून बक्षीस भागही दिले. ५० भागांचे यथावकाश ४०० झाले, आणि २००४ साली बाबा वारले तेव्हा त्या '२ टक्के' लाभांशाची वार्षिक रक्कम त्यांनी १९७८ मध्ये भरलेल्या मूळ रकमेहून अधिक होती.

भागीदारीचा खरा अर्थ मला पुढे संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनात सापडला. तेराव्या शतकात कर्जावरील व्याज चर्चला मान्य नव्हते. तरीही जो आपला पैसा व्यापाऱ्याच्या वा कारागिराच्या हाती भागीदारीने सोपवितो, त्याला नफ्याचा वाटा घेणे योग्य आहे, असे ते सांगतात. कारण पैशाची मालकी त्याचीच राहते आणि धोकाही त्याचाच असतो. लाभांश आणि व्याज यांतील भेद इतका स्पष्ट मला कोणत्याही दलालाने सांगितला नव्हता. धोका आपला म्हणूनच वाटा आपला. आणि मालकी आपली म्हणून धंद्याची जबाबदारीही काही अंशी आपली.

हे शेवटचे वाक्य आमच्या घरात फार महाग पडले. बाबांच्या पश्चात आईचा औषधपाण्याचा खर्च प्रामुख्याने लाभांशावर चाले, आणि त्यातील सर्वांत मोठी रक्कम एका तंबाखूच्या कंपनीकडून येई. २००९ साली आईने सहज विचारले, "ही कंपनी बनवते काय?" मी सांगितले. ती काही बोलली नाही. तिचा धाकटा भाऊ फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला होता. महिन्याभराने ती म्हणाली, "ते भाग वीक."

धाकट्या भावाने विरोध केला. आपण विकले तरी दुसरा कोणी विकत घेईल, एकही सिगारेट कमी ओढली जाणार नाही, आणि तूट कोण भरणार, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे गणित चुकीचे नव्हते. आई एवढेच म्हणाली, "वहीत ते नाव मला पुन्हा लिहायचे नाही." भाग विकून पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले. आमच्या शब्दाशब्दीमुळे त्या वर्षी नाताळला भाऊ घरी आला नाही. पास्काच्या सणाला आला. पुढे २०२२ मध्ये व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीने 'मेन्सुराम बोनाम' हा कॅथलिक गुंतवणूकदारांसाठीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. श्रद्धेची कसोटी गुंतवणुकीलाही लावावी, हेच त्याचे सूत्र. तोवर आई हयात नव्हती.

मुदत ठेवीचे महत्त्व २०२० मध्ये कळले. करोनाच्या संकटात रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश वाटण्यास मनाई केली. आईकडे एका बँकेचे भाग होते. तिच्या वहीत त्या वर्षी तेथे शून्य आले. शिवाय त्याच वर्षापासून लाभांशावरील कर भागधारकाकडे आला. म्हणून सांगतो, लाभांश हे वचन नव्हे. दोन वेळच्या जेवणाची सोय निवृत्तिवेतनातून, ठेवीतून करावी, आणि ज्या पैशांची दहा-पंधरा वर्षे गरज नाही तेवढेच भागांत, तेही अनेक कंपन्यांत विभागून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. बाबांनी एका कंपनीला आपल्या कचेरीचा पत्ता दिला होता. ते निवृत्त झाले आणि ते लखोटे कोठे गेले, कोणास ठाऊक! सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर कायद्याने भागदेखील सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. आमचे तसेच झाले. दावा करून ते परत मिळविण्यास दीड वर्ष लागले. वाचकहो, आपले भाग कोठे आहेत हे घरातील एकाला तरी सांगून ठेवा; वारसाचे नाव नोंदवा.

आता लखोटा येत नाही. रक्कम परस्पर खात्यात जमा होते आणि फोन क्षणभर वाजतो. तरी त्या रात्री रोझरी झाल्यावर मी आईची वही काढतो आणि तिच्या अक्षराखाली आकडा लिहितो. गेल्या वर्षीपासून कंपनीचे नाव मी वाचतो आणि ती काय बनवते ते माझी मुलगी सांगते. मगच आम्ही लिहितो.