फोटोची इस्लाह

कुणी आपण काढलेला फोटो पुढे केला की आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात. एक, ‘माशाअल्लाह, फारच छान!’ आणि दुसरे, ‘हे काय काढलंय? डोकंच कापलंय की!’ पहिल्या उत्तराने समोरचा खूश होतो, दुसऱ्याने हिरमुसतो. शिकत मात्र दोन्हींतून काहीच नाही. पहिल्यात आपण फोटो पाहिलेलाच नसतो आणि दुसऱ्यात फक्त चूक पाहिलेली असते.

उर्दू शायरीत याला एक तिसरी वाट फार पूर्वीपासून आहे. तिला इस्लाह म्हणतात. शागिर्दाने गझल लिहायची, उस्तादाकडे पाठवायची, उस्तादाने एखादा शब्द बदलायचा, एखादा शेर खोडायचा आणि तसे का केले ते सांगायचे. गालिबने मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेली पत्रे वाचली, की हा व्यवहार किती आपुलकीचा होता ते कळते. उस्ताद मुसलमान, शागिर्द हिंदू, आणि दोघांमध्ये भांडण झाले तर ते एका शब्दावरून. तरुण इक्बालनेही आपल्या गझला पंजाबातून टपालाने दाग देहलवींकडे पाठवल्या होत्या. इस्लाहमध्ये एक गोष्ट गृहीत असते. शेर शागिर्दाचाच राहतो.

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. फोटोग्राफी हा माझा विषय नाही. पण मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यासासाठी घरोघरी स्मार्टफोन आले, आणि शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मुलांच्या हातात कॅमेरा राहून गेला होता. नववीच्या मुलांना मराठीत निबंध लिहायला सांगितला की ती गाईडमधला निबंध उतरवतात. म्हणून मी सांगितले, आठवड्याला स्वतः काढलेला एक फोटो दाखवा आणि त्याखाली मराठीत पाच ओळी लिहा. ओळी तपासता तपासता फोटोंबद्दलही बोलणे आले.

बोलायला थोडी पुंजी होती. माझे मामू लग्नाचे फोटो काढायचे. याशिका कॅमेरा आणि 36 फोटोंचा रोल. प्रत्येक फोटोला पैसे पडत असल्याने बटण दाबण्याआधी ते क्षणभर थांबत. त्यांचे एक वाक्य मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, ‘चेहरा तर दिसतोच, आधी चार कोपरे बघ.’ कोपऱ्यात बादली असते, कुणाचा अर्धा हात असतो, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब असतो. काढताना आपले डोळे फक्त माणसाकडे असतात. कॅमेरा सगळ्यांकडे सारखेच बघतो.

आमच्या वर्गात क्रम ठरलेला आहे. फोटो दाखवणाऱ्याने आधी सांगायचे की त्याला काय दाखवायचे होते. मग बाकीच्यांनी सांगायचे की त्यांना काय दिसले. या दोन उत्तरांत जे अंतर पडते, तेवढ्याबद्दलच बोलायचे. ‘आवडला’, ‘आवडला नाही’ हे शब्द बंद. बी.एड.ला आम्हाला प्रबलन शिकवले होते, शाबासकी दिल्याने वर्तन दृढ होते वगैरे. पण शाबासकी कशाबद्दल आहे ते सांगितले नाही, तर मुलाला काय दृढ करायचे तेच कळत नाही. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘आजोबांच्या चष्म्यात खिडकी दिसते, ती तू सोडली नाहीस’ असे म्हटले, की पुढच्या वेळी तो मुलगा खिडकी शोधतो.

एका मुलाने कारखान्यात मागावर काम करणाऱ्या अब्बांचा फोटो आणला. मालेगावात पॉवरलूमचा फोटो म्हणजे घरचाच फोटो. त्याला अब्बांचे काम दाखवायचे होते. मुलांना दिसले ते वरचे पत्रे, कारण अर्धी चौकट पत्र्यांनीच भरली होती. शिवाय फोटोवर आडवे काळे पट्टे होते. मुलगा म्हणाला, ‘टीचर, मोबाईल खराब है.’ मोबाईल खराब नव्हता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते कळत नाही. पण दारातून ऊन येत असले की फोन शटर फार जलद उघडून मिटतो आणि दिव्याची ही थरथर पट्ट्यांच्या रूपाने पकडतो. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले की पट्टे जातात. मात्र मग हात हलता कामा नये, फोन खांबाला टेकवून धरायचा. पत्र्यांसाठी एवढेच सांगितले, दोन पावले पुढे जा आणि गुडघ्यावर बस. बोटांनी झूम केल्यावर बहुतेक वेळा चित्र नुसते कापून मोठे होते, पायांनी पुढे गेल्यावर ते खरोखर जवळ येते. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरा फोटो आणला. धोटा धूसर झाला होता, अब्बांचा चेहरा स्थिर होता. धूसर धोट्याला कुणीही चूक म्हटले नाही. वेग तसाच दिसतो.

फोनच्या पडद्यावर उभ्या-आडव्या रेषांची जाळी येते. महत्त्वाची गोष्ट मधोमध न ठेवता एक तृतीयांशावर ठेवावी, हा नियम मुले व्हिडिओ बघून शिकलेली असतात. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने तो 1797 मध्ये निसर्गचित्रांसंबंधी लिहून ठेवला, कॅमेऱ्याच्याही आधी. एका मुलीने मशिदीच्या कमानीचा फोटो आणला, कमान अगदी मध्यावर. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘बीच में नहीं रखते!’ ती म्हणाली, ‘कमान का तो बीच ही होता है.’ तिचे बरोबर होते. जी वस्तूच दोन्ही बाजूंनी सारखी बांधलेली आहे, तिला बाजूला सरकवले तर बांधणाऱ्याचे म्हणणे बुडते. मी मात्र तिला दाखवले की तिची कमान उजवीकडे जराशी कलली आहे. मध्य निवडला की तो पुरता सांभाळावा लागतो, तिथे थोडेसे चुकलेलेही लपत नाही. नियम मोडण्यापेक्षा नियम कशासाठी आहे ते कळणे अवघड असते. गझलेच्या वजनाचेही तसेच आहे.

खरी परीक्षा संपादनाच्या वेळी येते. फोन हातात आला की मुले आकाश निळेजर्द करतात, झाडे पोपटी करतात, एक गुलाब लाल ठेवून बाकी जग काळेपांढरे करतात. त्यावर मी हसत नाही. रंगाची हौस वाईट नाही. मी फक्त विचारते, ‘त्या वेळी आकाश असं होतं का? नसेल, तर तुला ते असं का हवं होतं?’ काही गोष्टी सरळ तांत्रिक असतात. जो भाग उन्हात साफ पांढरा झाला, तो नंतर कितीही काळा केला तरी त्यात ढग परत येत नाहीत, कारण तिथे कॅमेऱ्याने काही नोंदवलेलेच नसते. म्हणून काढतानाच पडद्यावर उजळ भागाला बोट लावून प्रकाश कमी करून घ्यावा. अंधारातले पुष्कळसे नंतर वर काढता येते, जळालेले येत नाही.

पण एक फोटो असा आला की त्याचे उत्तर तंत्रात नव्हते. मुलीने अम्मीचा फोटो काढला होता. अम्मी कांड्या भरत होती. चेहरा गोरापान आणि गुळगुळीत, हात मात्र सावळे, बोटांवर सुताने पडलेल्या रेघा. एकाच फोटोत दोन बायका बसल्यासारखे दिसत होते. मुले दबक्या आवाजात हसली. मी त्यांना थांबवले आणि तिला जवळ बोलावून विचारले, ‘हे फोननं केलं की तू?’ पुष्कळ फोनमध्ये चेहरा उजळण्याची सोय आपोआप चालू असते. ती हळूच म्हणाली, ‘अम्मी ने बोला, गोरी कर दे.’

आता इस्लाह कुणाची करायची? मुलीने आईचे ऐकले होते. आणि आईला तसे वाटायला लावणारे आपणच सगळे आहोत. लग्नाच्या बोलण्यांत मुलीचा रंग विचारणारे, स्टुडिओत ‘थोडं साफ करा’ सांगणारे. यंत्रेही निष्पाप नाहीत. पूर्वी रंगीत फोटो छापताना रंग जुळवायला कोडॅक कंपनी एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असलेले कार्ड प्रयोगशाळांना पुरवीत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची त्वचा बरोबर आली म्हणजे सगळे बरोबर आले. सावळी माणसे काळवंडली तर तो त्यांच्या रंगाचा दोष समजला जाई. तो दोष रंगाचा नव्हता, मोजपट्टीचा होता.

एवढे सगळे नववीतल्या मुलीला एका दमात सांगून उपयोग नव्हता. ‘खोटा फोटो’ असे म्हटले असते, तर ती आईला खोटी पाडल्यासारखे झाले असते आणि कदाचित तिने पुन्हा फोटो आणलाच नसता. मी म्हटले, ‘बोटं फार छान आली आहेत. चेहराही तसाच यायला हवा. अम्मीला दाराजवळ बसव, सकाळी, दिवा बंद करून. उजेड एका बाजूने येऊ दे. चेहऱ्यावर बोट लावून प्रकाश किंचित कमी कर. आणि ती सोय बंद ठेव.’ सावळ्या त्वचेवर बाजूने उजेड पडला की गालावर, कपाळावर चमक येते. समोरून फ्लॅश मारला की तीच त्वचा सपाट दिसते. दहा दिवसांनी तिने नवा फोटो आणला. वर्ग गप्प राहिला. मागच्या बाकावरचा एक जण एवढेच बोलला, ‘अम्मी थकी हुई लग रही है.’ त्याला दिसले ते तिला दाखवायचेच होते. मी विचारले, ‘अम्मीला कुठला आवडला?’ ती म्हणाली, ‘दोनों रख लिए.’ गोरा फोटो खालाला पाठवला, दुसरा फोनवर समोर लावला. मला हे उत्तर प्रामाणिक वाटले.

काही घरांत बायकांचे फोटो काढलेले चालत नाहीत. मी त्यावर वर्गात फतवा देत नाही आणि सुधारणेचे भाषणही करत नाही. चेहरा नसेल तर माणूस कसा दाखवायचा, हा रचनेचाच प्रश्न आहे. एकीने दाराबाहेर काढलेल्या चपलांची रांग आणली. त्या घरात किती माणसे आहेत, कोण लहान, कोण म्हातारे, कुणाची चप्पल तीनदा शिवली आहे, सगळे त्यात होते. दुसरीकडे एका मुलाने बसस्टँडवर झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो आणला. रचना उत्तम होती. मी पहिला प्रश्न केला, ‘त्यांना विचारलंस का?’ हा प्रश्नही इस्लाहचाच भाग आहे.

मुलींना मी होमाई व्यारावाला यांच्याबद्दल आवर्जून सांगते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. मुलांना आपल्या गावचे सांगते. याच मालेगावात नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला. मोठी साधने नव्हती, पण हाताशी जे होते त्यात नजर कमी पडली नाही.

गझलेच्या इस्लाहपेक्षा एका बाबतीत मी वेगळे वागते. उस्ताद कागदावर स्वतःच्या हाताने शब्द बदलत. मी मुलांच्या फोनला हात लावत नाही. ‘द्या टीचर, तुम्हीच करून द्या’ असे ती म्हणतात, तरी नाही. पडद्यावरची ती पट्टी किती सरकवायची, हाच तर निर्णय असतो. तो मी घेतला तर फोटो माझा होतो.

दागनी इक्बालच्या गझला थोडाच काळ तपासल्या. मग कळवले, की आता इस्लाहची फारशी गरज राहिलेली नाही. शिक्षकाला याहून मोठे समाधान नसते. परवा कारखान्याचा फोटो आणणारा तोच मुलगा फोटो दाखवायला उभा राहिला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘टीचर, डाव्या कोपऱ्यात डबा आलाय. पण तो मी ठेवलाय. अब्बांचा जेवणाचा आहे.’ पाच ओळी त्याने मराठीत लिहिल्या होत्या. त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, तेवढे मी सुधारले.