ओसरी आणि माजघर

पारनेरला आमच्या आत्याचे जुने घर आहे. पुढे ओसरी, मग माजघर आणि माजघराच्या भिंतीत एक फडताळ. ओसरीवर कुणीही यावे, पाणी मागावे, घटकाभर टेकावे. आत्या त्याला गाव विचारील, पाऊसपाणी विचारील, आपल्या घरचेही चार शब्द सांगेल. माजघरात मात्र घरचे माणूस तेवढे जाते. आणि फडताळाची किल्ली आत्याच्या कमरेला.

आतोबा मुंबईला गिरणीत होते. पारनेर तालुका पडला कोरडा. घरातला एकजण मुंबईला आणि घर मनीऑर्डरवर, अशी कितीतरी बिऱ्हाडे तेव्हा होती. खुशाली कळवायची तर आतोबा पोस्टकार्ड टाकीत. पैशाचा किंवा दुखण्याखुपण्याचा मजकूर असला म्हणजे तो इनलँड पत्रात, कडा नीट चिकटवून येई. पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सर्वांनी वाचले तरी कुणाची हरकत नसे. काय उघड्यावर लिहायचे आणि काय झाकून, हे आत्याला कुणी शिकवावे लागले नाही.

अशी ही आत्या गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी साडेअठरा हजार रुपयांना फसली.

आम्हाला ते कळले भाऊबीजेला. दरवर्षीप्रमाणे वडिलांना घेऊन मी पुण्याहून निघालो, सुप्याला वळून पारनेर गाठले. आत्याने पाट मांडला, निरांजन लावले, वडिलांना ओवाळले. त्यांनी तबकात ओवाळणी टाकली आणि आत्या एकदम रडू लागली. सोळा दिवस तिने ती गोष्ट पोटात ठेवली होती.

झाले होते असे. दुपारी फोन आला. "आजी, अमृतमहोत्सवाबद्दल अभिनंदन! बँकेतून बोलतोय. पंचाहत्तरी झालेल्या खातेदारांची नोंद नव्याने करायची आहे, नाहीतर खाते बंद पडेल." नाव, गाव, जन्मतारीख सारे त्यानेच सांगितले, आत्याने फक्त 'हो, हो' म्हणायचे. शेवटी मोबाइलवर आलेले सहा आकडे त्याने मागितले. आत्याने चष्मा लावून ते वाचून दाखवले. त्याला नीट ऐकू यावे म्हणून दोनदा वाचले.

मी शहरातला, शिकलेला भाचा. मला राग आला. "अगं आत्या, ओटीपी म्हणजे फडताळाची किल्ली! ती परक्याच्या हातात देतात का?"

"परका कसा रे?" आत्या म्हणाली. "त्याला माझी पंचाहत्तरी ठाऊक होती."

त्या वाक्याने रात्री मला झोप लागू दिली नाही. त्याला पंचाहत्तरी कशी ठाऊक झाली? श्रावणात आम्ही समारंभ केला होता. निमंत्रणपत्रिका मीच छापली आणि मोठ्या हौसेने फेसबुकवरही टाकली. तिच्यावर आत्याचे पूर्ण नाव होते, जन्मतारीख होती, पारनेरचा पत्ता होता आणि चौकशीसाठी म्हणून तिचा मोबाइल नंबरही होता. चार दिवसांत दीडशे लोकांनी अंगठा दाखवला. त्याच आनंदात मी होतो. आणखी कोण ती वाचून गेले, याचा विचार मनात आला नाही. त्या भामट्याने तीच पत्रिका वाचली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण फोनवर तो जे जे बोलला, ते ते सारे तिच्यात होते.

सकाळी मी आत्याला हे सांगितले. ती चहा गाळत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे माझे इनलँड तू पोस्टकार्डावर लिहिलेस."

याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे माहितीच्या अधिकारासाठी झगडले. तो कायदा महाराष्ट्रात २००२ साली आणि देशभर २००५ साली झाला. सरकारचे दप्तर लोकांना उघडे असावे, असे तो कायदा सांगतो. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी माणसाचे खाजगीपण हा त्याचा मूलभूत हक्क ठरवला. थोडक्यात, कचेरीचा कारभार ओसरीवर यावा आणि माणसाचे माजघर त्याचे राहावे. पण कायदा दार बसवून देतो. कडी आपली आपणच लावायची असते.

आत्याचे पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही १९३० या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली, पण उशीर झाला होता. असा पैसा एका खात्यात थांबत नाही. तो लगोलग पुढे सरकवतात. तक्रार लगेच गेली तर बँका तो वाटेत अडवू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही असेच होते की, खातेदाराने गुप्त आकडा स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. आत्याचे सोळा दिवस लाजेपायी गेले. लोक हसतील, भाचा रागावेल, असे तिला वाटले. आणि भाचा खरोखरच रागावला! आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी फसल्याचे पहिल्या तासात सांगावे असे वाटत असेल, तर आपले रागावणे आधी आवरले पाहिजे.

मी ती पत्रिका काढून टाकली. घरातल्या मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटोही काढले. आता आधारची प्रत कुठे द्यायची वेळ आली, तर चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेली देतो. आत्यानेही आपला नियम केला आहे. फोन हा ओसरीवरचा पाहुणा. त्याच्याशी पाऊसपाण्याचे बोलावे. त्याने पैशाचे काढले की ती म्हणते, "भाच्याला विचारून सांगते," आणि फोन ठेवते. मग खरोखरच बँकेत जाऊन विचारून येते.

हा लेख लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली. "आकडा घाल," ती म्हणाली, "लोकांना कळू दे. नाव मात्र घालू नकोस."