इस्त्रीचा छाप आणि ‘१००% कॉटन’

कपड्यावर इस्त्रीने छाप उमटवणे म्हणजे उष्णतेने वितळणारा गोंद दाबून कापडाच्या धाग्यांत बसवणे. गोंद तापला की पातळ होतो, दाबला की विणीच्या फटींत शिरतो आणि निवला की तिथेच धरतो. त्यामुळे या कामात उष्णता, दाब आणि वेळ या तीन गोष्टी मोजायच्या असतात. चौथी गोष्ट कापड. ते बहुधा गृहीत धरले जाते आणि घोळ तिथेच होतो.

भरतकामाचा नमुना कापडावर घेताना टाचणीने भोके पाडलेल्या ट्रेसिंग पेपरवरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवण्याची रीत जुनी. ती रेघ धुतल्यावर जावी, अशीच अपेक्षा असे. इस्त्रीचा छाप मात्र टिकायला हवा. घरी त्याचे दोन प्रकार जमतात. पहिला ट्रान्सफर पेपर : त्यावर साध्या इंकजेट प्रिंटरने चित्र छापायचे. दुसरा व्हिनाइलचा पातळ पत्रा : त्यातून अक्षरे कापायची आणि नको तो भाग सुईने उचलून टाकायचा. गाडीच्या नंबरप्लेटचे रेडियम कापणारे दुकानदार हे कापून देतात. फिक्या कपड्याचा ट्रान्सफर पेपर असो वा व्हिनाइल, मजकूर आरशातल्यासारखा उलटा घ्यावा लागतो. गडद कपड्याच्या कागदावर तो सुलटा छापतात.

देवनागरी या कामात सोयीची आणि फसवी, दोन्ही आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध उचलता येतो. पण उलट्या शब्दाचीही शिरोरेषा वरच राहते, त्यामुळे चूक लांबून लक्षात येत नाही. अनुस्वार तर सुईला चिकटून हमखास जातो. प्रस्तुत लेखिकेच्या इमारतीत गणेशोत्सवासाठी मुलांचे १४ टी-शर्ट करायचे ठरले, तेव्हा ‘बाल मंडळ’मधले टिंब दोन शर्टांवर हरवले आणि दोन मुले ‘बाल मडळा’ची झाली. ते फारसे कोणाला खटकले नाही.

खटकले ते वेगळेच. शर्ट केशरी होते, अक्षरे पांढरी. मानेमागच्या पट्टीवर ‘१००% कॉटन’ छापलेले होते. पट्टीवर विश्वास ठेवून इस्त्रीचा काटा ‘कॉटन’वर नेला गेला. वाफ बंद, खाली लाकडी टेबल, वर बटर पेपर, प्रत्येक जागी १५ सेकंद दाब : सगळे रीतसर. अक्षरे छान बसली. त्यांच्याभोवती इस्त्रीच्या टोकाच्या आकाराची एक चकाकी दिसत होती, ती ‘धुतल्यावर जाईल’ म्हणून सोडून देण्यात आली. सकाळी पाहिले तर १४ शर्टांवरची पांढरी अक्षरे फिकट नारिंगी झालेली.

याचे कारण रसायनात आहे. सुती कापडाचा चांगला रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. पॉलिस्टरचा रंग धाग्यात नुसता मुरलेला असतो आणि जास्त तापला की बाहेर निघून वरच्या थरात चढतो. हा प्रकार लगेच दिसतोच असे नाही. काही तासांनीही उमटतो. चकाकीही त्याच जातीची : तापलेल्या इस्त्रीखाली कृत्रिम धागे मऊ होऊन चपटे होतात. म्हणजे शर्ट शंभर टक्के सुती नक्कीच नव्हते.

शर्ट जिथून घेतले होते त्या दुकानदाराने पहिले वाक्य उच्चारले ते असे : “ताई, इस्त्री जास्त तापवलीत तुम्ही.” त्याला पट्टी दाखवण्यात आली. तो म्हणाला, पट्टी कंपनी लावते. मग खिशातल्या काडेपेटीने शिवणीचा एक दोरा जाळून दाखवण्यात आला. टोकाला काळा कडक मणी झाला. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “शिलाईचा दोरा पॉलिस्टरचाच असतो, सुती शर्टालासुद्धा.” हे खरे होते, आणि ते त्याला ठाऊक होते, हेच जास्त लागले. ज्याला दोऱ्याची जात कळते त्याला कापडाची कळत नाही, हे पटण्यासारखे नाही. आतल्या दुमडीतून कापडाची चिंधी कापून ती जाळली. सूत जळते तसा कागदाचा वास आला नाही, हलकी राखही पडली नाही. पुन्हा मणीच. तेव्हा उत्तर बदलले : “मागून जसं येतं तसं आम्ही विकतो. आणि छाप मारलेला माल परत घेत नाही.” छाप मारल्याशिवाय फसवणूक कळणारच नव्हती, हा मुद्दा त्याने ऐकून घेतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

म्हणून क्रम असा असावा. कपडा नवा असेल तर आधी धुवून खळ काढावी. सॉफ्टनर वापरू नये, त्याच्या थरावर गोंद धरत नाही. आतल्या दुमडीतला कापडाचाच धागा, शिवणीचा नव्हे, ताटलीवर धरून जाळून पाहावा. पॉलिस्टर निघाल्यास काटा खाली आणावा आणि त्या कापडासाठी कमी तापमानाला चिकटणारे व्हिनाइल घ्यावे. इस्त्री फिरवू नये. उचलून शेजारी ठेवावी आणि दाबावी. तिच्या तळाला वाफेची भोके असतात, तिथे दाब पडत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेस जागा थोडी सरकवावी. मऊ इस्त्रीटेबल दाब खाऊन टाकते. लाकडी पाटावर चादरीची एक घडी पुरते. अक्षरांवरचा आधाराचा पत्रा गरम असताना काढायचा की निवल्यावर, हे प्रत्येक मालाचे वेगळे. ते विचारून घ्यावे. पहिली धुलाई एक दिवसानंतर, कपडा उलटा करून, साध्या पाण्यात.

पुढच्या वर्षी धागा जाळून, पारखून सुती पांढरे शर्ट आणले गेले आणि वेळ वाचावा म्हणून ट्रान्सफर पेपर वापरला गेला. दिवाळीपर्यंत त्या छापाला तडे गेले. केशरी शर्टांचे मात्र वेगळे झाले. विसर्जनाच्या पावसात ते भिजले, रात्रीत वाळले, आणि अक्षरे नारिंगी का होईना, आजही जागची हललेली नाहीत. इमारतीतली मुले खेळायला तेच घालतात. पॉलिस्टर वाईट, असे म्हणण्याची सोय त्यामुळे राहिली नाही. दुकानदाराचे पहिले वाक्यही, नीट पाहता, चूक नव्हते : त्या कापडासाठी इस्त्री जास्तच तापली होती. ती कोणाच्या सांगण्यावरून तापली, एवढेच त्याने सांगितले नाही.

पट्टी कापून शिवणाच्या डब्यात ठेवलेली आहे. पैसे परत मिळाले नाहीत.