चाळिशीनंतरचा षड्ज

आमच्या घरात एक पेटी आहे, अण्णांची. अण्णा म्हणजे आम्हां दोघांपैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. बार्शीतच त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. संध्याकाळी घरी आल्यावर ते माजघराचे दार लोटून घेत आणि पेटी काढीत. एखाद्या अभंगाचे ध्रुवपद वाजवायला घेत. मध्येच बोट घसरले की थांबत आणि पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात करीत. त्यामुळे घरातल्या सर्वांना पंचवीसेक अभंगांच्या ध्रुवपदांची चाल पाठ आहे, अंतऱ्याची मात्र एकाचीही नाही. 'एकदा भजनाला येऊन वाजवा की' असे कोणी म्हटले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे : 'अजून हात बसला नाही.' हात बसण्याची वाट पाहतच ते २०११ साली गेले. पेटी कपाटावर गेली आणि तिच्यावर चादर पडली.

ती खाली उतरली ती मुलीमुळे. पुण्यात शिकणारी आमची कन्या एका दिवाळीला युकुलेली नावाचे चार तारांचे इवलेसे वाद्य घेऊन आली. शिकून जेमतेम दोन महिने झाले होते. मैत्रिणींचा एक घोळका रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर जमून एकमेकींना शिकवतो, असे तिने सांगितले. तिने पूर्ण गाणे वाजवून दाखवले. चुका पुष्कळ होत्या आणि तिला त्यांची फिकीर नव्हती. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. चूक दिसली की आमचा हात लाल पेनाकडे जातो. परंतु त्या दिवशी एक गोष्ट मनाला टोचली. अण्णांनी तीस वर्षांत जे केले नव्हते, ते या मुलीने दोन महिन्यांत केले होते. ती शेवटच्या सुरापर्यंत पोहोचली होती.

युकुलेलीची कथाही मोठी रंजक आहे. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला निघालेले मजूर हवाईला उतरले. त्यांच्यासोबत आलेल्या लहानशा गिटारसारख्या वाद्यापासून तेथे युकुलेली घडले आणि पुढे ते हवाईचेच म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्या पेटीचे तरी वेगळे काय? तिचे मूळ पॅरिसचे. अलेक्सांद्र दबॅं याने १८४०च्या सुमारास तिला रूप दिले, ते पायाने भाता चालवण्याचे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तिला जमिनीवर बसून एका हाताने भाता हलवता येईल असे केले. पुढे संगीत नाटकांनी तिला महाराष्ट्रात घरोघर पोहोचवले. भास्करबुवा बखल्यांची साथ करणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत प्रतिष्ठा दिली. तरीही तिच्या कपाळी अवहेलना होतीच. तिचे सूर बांधलेले. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे साधत नाहीत, हा आक्षेप खोटा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बाहेरचा रस्ता दाखवला आणि १९७१ साली तो निर्णय सैल होईपर्यंत ती त्या दाराबाहेर उभी होती. गावोगावच्या भजनी मंडळांना मात्र या बंदीचा पत्ताही नसावा. तेथे ती पखवाजाशेजारी आपल्या जागी निवांत बसून होती.

असो. अण्णांची पेटी दुरुस्त करून आणली. भाता कुरतडलेला, दोन सूर गंजलेले. पहिले काही आठवडे आम्ही तेच केले जे अण्णा करीत : दार लोटून घेतले, अलंकार घोटले, चुकलो की पहिल्यापासून. उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर लागली की डावा हात भाता विसरे आणि सूर दम लागल्यासारखा बसून जाई. चाळिशी ओलांडल्यावर बोटे आज्ञा पाळत नाहीत, आणि आज्ञा न पाळणाऱ्यांची आम्हांला सवय नव्हती.

शेवटी आम्ही गल्लीतल्या भजनी मंडळात गेलो. पेटीवर बसणारे बुवा दिवसा बाजार समितीतल्या एका अडत दुकानात तुरीची आणि ज्वारीची वजने लिहितात. शिक्षण सातवीपर्यंत. आम्ही त्यांना 'बुवा' म्हणतो. ते आम्हांला 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात आणि त्या संबोधनाने आमचा संकोच वाढवतात. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी पेटी आमच्याकडे सरकवली. भूपातला एक सोपा अभंग होता. मध्यम आणि निषाद वर्ज्य, म्हणजे चुकायला जागाही कमी. तरी दुसऱ्याच ओळीत चुकलो आणि अर्थातच थांबलो. पंधरा टाळ अधांतरी लोंबकळले.

बुवा रागावले नाहीत. म्हणाले, ''मॅडम, चुकलं तर चुकू द्या, पण थांबू नका. तुम्ही थांबल्यावर टाळांनी जायचं कुठं?''

या वाक्याने आमची झोप उडवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. माजघरात अण्णांची चूक फक्त अण्णांची होती, म्हणून ती डोंगराएवढी होती. येथे पंधरा जण गात होते आणि आमचा चुकलेला सूर त्यांच्या आवाजात बुडून पुढे वाहून जात होता. चुका बुवा सांगत, नाही असे नाही. पण भजन संपल्यावर, चहाचा कप हातात आल्यावर, आणि एका गुरुवारी एकच. ''गंधारावर बोट जरा लवकर पडतंय'', एवढेच. पुढच्या गुरुवारपर्यंत तो गंधार आम्हांला पुरत असे.

आणि मग वर्ग आठवू लागला. प्रथम वर्षाच्या वर्गात उतारा मोठ्याने वाचायला सांगायचा, 'ण' चा 'न' झाला की थांबवायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा वाचायला लावायचे, ही आमची वीस वर्षांची रीत. शुद्धतेची सेवा म्हणूनच आम्ही ती पाळली. खेड्यातून सकाळच्या एसटीने येणारा एक मुलगा अशाच एका उताऱ्यात आमच्याकडून पाच वेळा थांबवला गेला होता. सहाव्या वेळी तो स्वतःच खाली बसला. वर्षअखेरीपर्यंत त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. त्या वेळी आम्ही त्याला निरुत्साही ठरवले होते. त्याचा उतारा पूर्ण कसा ऐकू आला असता, हे आता कधीच कळणार नाही.

आता आम्ही उतारा शेवटपर्यंत वाचू देतो. चूक नंतर सांगतो, एकट्याला आणि एक. याने उत्तरपत्रिका शुद्ध झाल्या, असा दावा नाही. लाल पेनाचा खर्च पूर्वीइतकाच आहे. मागच्या बाकांवरून वाचायला उठणारे हात मात्र थोडे वाढले आहेत.

पंढरपूरची एकादशी करून कित्येक वारकरी द्वादशीला भगवंताच्या दर्शनासाठी बार्शीला येतात. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची कथा या देवस्थानाशी जोडलेली आहे. गेल्या आषाढी द्वादशीच्या रात्री मंडळाचे भजन होते. बुवांनी एक अभंग आमच्यावर सोपवला. अण्णांच्या पंचवीसांपैकीच एक. आमच्यापैकी एकजण पेटीवर बसली, दुसरा टाळ घेऊन मागे. ध्रुवपद बोटांना जन्मापासून ठाऊक असल्यासारखे आले. ज्या जागी अण्णा थांबत, त्याच जागी बोट घसरले. क्षणभर भात्यावरचा हात आखडला. पण मागून टाळ आले, पखवाज आला, आणि मुक्कामाला थांबलेल्या अनोळखी वारकऱ्यांचे आवाज आले. थांबायला सवडच उरली नाही. अंतरा सुरू झाला.

भजन संपल्यावर बुवांकडे पाहिले. चूक सांगतील, असे वाटले. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पेटीकडे हात न नेताच म्हणाले, ''पुढचाबी तुमीच धरा.''