वाइंडिंगवाल्या चाचांचं देणं

पाटणकर बाजारातल्या आमच्या गच्चीवर फिरणाऱ्या पवनचक्कीचा आराखडा स्कॉटलंडचा आहे, आणि हात चाचांचा.

ह्यू पिगट यांनी तिथल्या स्कोरेग या गाडीरस्ता नसलेल्या वस्तीत राहून घरी बांधायच्या पवनचक्क्यांवर पुस्तकं लिहिली. त्यांच्या चक्कीत वीज तयार होते ती अशी: चुंबकं बसवलेल्या दोन पोलादी चकत्या आणि त्यांच्यामध्ये रेझिनमध्ये ओतलेली तांब्याची वेटोळी. त्यातली नऊ वेटोळी मला गुंडाळायला शिकवली ती मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या चाचांनी. त्यांचं आयुष्य कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेलं. पवनचक्की त्यांनी कधी केली नव्हती. तरी आराखडा पाहून ते एवढंच म्हणाले, "तार खींचो मत, बिठाओ." तार ओढली की तिच्यावरचं इनॅमल खरवडतं. वेढे सैल राहिले की वेटोळं फुगतं आणि चकत्यांमधल्या फटीत मावत नाही. प्रत्येक वेढ्यावरून त्यांचं बोट फिरे. जे वेटोळं त्यांना पसंत पडलं नाही, ते त्यांनी न बोलता उलगडून ठेवलं.

तारेचे पैसे त्यांनी घेतले. मजुरी कधीच घेतली नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून हिवाळ्यातल्या धुक्यात आमची चक्की गप्प उभी असते आणि जूनच्या आंधीत तिला सांभाळावं लागतं. जोराच्या वाऱ्यात शेपूट दुमडून ती तोंड फिरवते, पण दाटीच्या वस्तीत वारा भिंतींवर आपटून वेडावाकडा येतो. त्यामुळे आभाळ पिवळं दिसू लागलं की आम्ही वेटोळ्यांतून खाली येणाऱ्या तिन्ही तारा एकत्र जोडून तिला थांबवतो. हे वारा चढण्याआधीच करायचं, नाहीतर वेटोळी जळतात. जळक्या वेटोळ्यांचा वास चाचांना जन्मभराचा परिचयाचा होता. हा नियम त्यांचाच. दरवर्षी होळीनंतर चक्की खाली उतरवून बेअरिंगला ग्रीस भरायचं, नटबोल्ट आवळायचे, चुंबकांवर गंज आहे का ते पाहायचं, हेही त्यांनीच लावून दिलं. गुडघे दुखत असतानाही ते जिना चढून येत.

चाचा आता नाहीत. चक्कीवर जिन्यातले आणि माजघरातले दिवे चालतात. नुसती वीजच हवी असेल तर सोलर पॅनेल स्वस्त पडतं, हे खरं. तरीही कुणाला अशी चक्की बांधायची असेल तर आधी वर्षभर आपल्या गच्चीवरचा वारा मोजा, मग गावातला वाइंडिंगवाला गाठा. आणि तो नको म्हणाला तरी त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवा.